मशीनला हात जोडले

डिचोली, १२ जुलै २०१४

ती. कमलाक्षीअक्कास वत्सलाचा नमस्कार. सातेरी देवीच्या कृपेने आम्ही बरी आहोत. भावोजींचा गुडघा कसा आहे?

काल गौरवीच्या कॉलेजात गेले होते. मुलींच्या खोलीत भिंतीवर एक पेटी आहे. नाणं टाकलं की पॅडचं पाकीट खाली पडतं. दुकानदाराकडे मागायला नको, कागदात लपवायला नको. मी बघतच राहिले, आणि देवळातल्यासारखे हात जोडले! गौरवी हसली, "आये, ह्यो देव नाय गो, मशीन आसा!"

असेना. पोरगी आता त्या चार दिवसांतही कॉलेज चुकवत नाही.

अक्का, कपड्याला डाग लागला त्या दिवसापासून तुझी तेजस्विनी कॉलेजात गेलेली नाही. तिला माझ्याकडे राहून गौरवीच्या कॉलेजात शिकायला पाठव. पेटीत तिचं पहिलं नाणं मी टाकीन.

तुझी धाकटी,
वत्सला