दाराबाहेरची बॅग

थंडर बे, ९ फेब्रुवारी

प्रिय आई,

लोकरी मोजे पोचले. गुडघा बरा आहे, सूज फक्त सामन्यानंतर येते.

आमच्या आइस हॉकी संघातून ज्याला काढायचं, त्याची बॅग सकाळी कपडे बदलायच्या खोलीच्या दाराबाहेर ठेवतात. बोलत कोणीच नाही. आज माझी होती. मी ती आत आणली, माझ्या जागेवर बसलो आणि स्केट्सच्या नाड्या बांधल्या.

प्रशिक्षक म्हणाले, "ओरेस्ट, बॅग दिसली नाही का?"

"दिसली की. कोणीतरी चुकून बाहेर ठेवली होती."

पोरं हसली. "छत्तीस वर्षांचा घोडा!" प्रशिक्षक म्हणाले. "सराव कर. मग बोलू."

सराव संपलाय. ते अजून बोललेले नाहीत. बाबांनी यंदा कोठारामागे पाणी सोडून स्केटिंगसाठी बर्फ केला का? त्यांना सांग, हे पत्र मी पायात स्केट्स ठेवूनच लिहितोय.

तुझाच,
ओरेस्ट