अलाशीच्या चौकटी

अकुलिविक, १२ फेब्रुवारी

चि. सियासी हिला आजोबाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. बर्फाच्या वादळामुळे टपालाचं विमान उतरत नव्हतं, पण खरं म्हणजे तुला सांगायची भीती वाटत होती. फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि शेजारच्या मीनाला ऐकायला बसवलं तर गावभर होईल.

तुझी आजी, माझी अलाशी, दुसऱ्यांदा मुकी झाली आहे. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला तेव्हा तू तिला तो लहानसा संगणक दिलास. हात कापतात, पेन धरवत नाही, पण एकेक कळ दाबत ती आपल्या इनुइट अक्षरांत बोलायची आणि मी पडद्यावर वाचायचो. दिवसभर टोमणे. चहा गार आहे, मासा खारट केलास, रात्री घोरतोस. आता ती कळा दाबते आणि नुसत्या रिकाम्या चौकटी उमटतात.

हे माझ्या हातून झालं. जागा संपली म्हणून यंत्र कुरकुरत होतं. ते हलकं ठेवायचं, असं तूच म्हणाली होतीस. लांबच्या शिकारीला निघताना न लागणारं सामान बर्फावरच्या स्लेजवरून उतरवतो, तशी मी यंत्रातल्या यादीतली न कळणारी इंग्रजी नावं काढून टाकली. मी शाळेत गेलो तो दोन हिवाळे, मला ती काय कळणार.

ती अजून रोज टाइप करते, संध्याकाळी तर फारच. दुखतं का विचारलं की मान हलवून नाही म्हणते. मग एवढं लिहिते काय? मीना म्हणते, म्हातारी शिव्या घालत असेल, वाचता येत नाही तोवर सुखात राहा. मला हसू येत नाही. तिचं बोलणं कायमचं गेलं का, तेवढं कळव.

तुझा,
लुकासी आजोबा


मॉन्ट्रियल, २३ फेब्रुवारी

ती. आजोबांस सियासीचा सा. न. वि. वि.

काही गेलेलं नाही. आधी चहा प्या. आजीचं अक्षर न् अक्षर यंत्रात आहे, फक्त ते कसं काढून दाखवायचं हे यंत्राला माहीत नाही. अक्षरांचे आकार ज्या पॅकेजमध्ये असतात तो फॉन्ट तुम्ही काढलात. मीही चुकले. मोठ्या संगणकात असे कितीतरी फॉन्ट पडलेले असतात, एक गेला तर दुसरा कामाला येतो. जागा वाचवायला मी यंत्र चालवणारं लिनक्स अगदी उघडंबोडकं बसवलं आणि आपल्या अक्षरांचा एकच फॉन्ट घातला.

नेटवरून उतरवू नका, तुमची जोडणी मध्येच तुटते. सोबत पेनड्राइव्ह आहे. तो लावून मागच्या पानावरची ओळ जशीच्या तशी टाइप करा आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा. आजीची एकही फाइल पुसू नका. पुन्हा न विचारता काही काढलंत, तर येऊन तुम्हालाच स्लेजवरून उतरवीन.

आजीला पापा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
सियासी


अकुलिविक, ८ मार्च

चि. सियासीस आशीर्वाद.

ती ओळ बऱ्याचदा चुकली, शेवटी लागली. आजीची फाइल उघडली, तर चौकटींच्या जागी आपली अक्षरं. मी तिला हाक मारली. वाटलं, हसेल. ती आली आणि तिने दोन्ही तळहात पडद्यावर दाबून धरले.

बोटांच्या फटींतून दिसलं तेवढं वाचलं. सुरुवातीला टोमणेच आहेत, यंत्राची वाट लावलीस म्हाताऱ्या वॉलरसा, असे. मग मला वाचता येत नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि तिथून तिने खरं लिहिलं आहे. गिळताना पुन्हा दुखतं. गाठ हाताला लागते. लुकासीला कळता कामा नये, तो मला विमानात बसवील, आणि मला दक्षिणेतल्या इस्पितळात मरायचं नाही.

मी तिचे हात बाजूला केले नाहीत. तेव्हापासून तिने कळेला बोट लावलेलं नाही. यंत्र ठीक आहे आणि पडदा कोरा आहे. मला तर त्या चौकटीच बऱ्या वाटायला लागल्या आहेत.

गावातल्या दवाखान्याच्या नर्सला सांगितलं तर ती मला माफ करणार नाही. गप्प बसलो तर मी तिच्यासमोर बसून जेवू कसा? तिने जे माझ्यापासून लपवलं ते तुला सांगतोय, हेही तिला आवडणार नाही. काय करू ते तू सांग.

आमच्यावर जीव आहे तसा ठेव. पत्र लिहीत बसू नकोस, फोन कर. मीनाला ऐकायला बसवतो, होऊ दे गावभर. पण लवकर कळव.

तुझा,
आजोबा