टाकीतली वाळू कोणी उकरली

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, मुलींच्या शाळेतल्या प्रयोगशाळेची निवृत्त सहायक, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, तर नंतर कोणी काही सांगत बसू नये म्हणून. माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला आजची तारीख विचारली, तेव्हा यांनाच ती माहीत नाही की काय अशी मला शंका आली. पण दाखला खरा आहे. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर, खालच्या दोन आणि वरच्या दोन खोल्या, माझ्या पगारातून घेतलेलं व माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी माझ्या भावजयीला, तिच्या एकटीच्या नावानं देते. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, आताप्रमाणेच तिथे मरेपर्यंत राहता येईल. त्याला ते विकता किंवा भाड्यानं देता येणार नाही. बँकेत जे उरेल ते दोघांना सारखं.

२. माझा तराजू आणि परीक्षानळ्या शाळेला देऊ नयेत. तिथे एकदा मोजणीत ॲसिडची एक बाटली कमी भरली. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्या शिक्षकांसमोर माझी पिशवी उघडायला लावली. बाटली आठ दिवसांनी खिडकीच्या पडद्यामागे सापडली, ते मात्र मला एकटीला बोलावून, दार लावून सांगितलं.

३. पुढच्या खोलीतली चार फुटी माशांची टाकी. हिच्याबद्दल जास्त लिहावं लागेल.
टाकीतल्या पाण्यात नायट्रेट साठत जातं आणि मासे मलूल होतात. मी दर रविवारी नळीत पाणी घेऊन थेंब टाकून तपासते आणि रंग तक्त्याशी जुळवते. आकडा ऐंशीच्या खाली येईना. बादल्यांनी पाणी बदलणं गुडघ्यांना झेपेना. मासेवाले म्हणाले, "बाई, सहा इंच बारीक वाळू घाला आणि विसरून जा. तळाशी हवा पोचत नाही, तिथले जंतू नायट्रेट खाऊन टाकतात. फक्त वाळूत हात घालायचा नाही, तळचा विषारी वायू वर येतो." ते गिऱ्हाइकाला वाळू खपवतायत असंच मला वाटलं. तरी घातली. तीन महिने काही नाही. चौथ्या महिन्यात वाळूतून बारीक बुडबुडे सुटू लागले, आकडा चाळीसवर आला, सातव्यात दहावर. मी दुसऱ्या दुकानातून थेंब आणून पुन्हा तपासलं. दहाच.

४. त्याच सुमारास धाकट्याशी वरच्या खोलीवरून माझं वाजलं. रागात मी म्हणाले, "कागद तयार आहे. तुझं नाव कुठेही नाही. आणि तो अशा ठिकाणी ठेवलाय की तिथे कोणी हात घालणार नाही." पाच दिवसांनी दवाखान्यातून परतले तर खोलीत सडक्या अंड्यांचा वास. डाव्या कोपऱ्यातली वाळू तळापर्यंत उकरलेली, तळचा काळा थर वर आलेला, चारही एंजल मासे आडवे. भावजय बादलीशी बसली होती. तिच्या नखांत काळी वाळू होती.
मी विचारलं, "कशासाठी उकरलंस?"
ती म्हणाली, "वन्सं, जिवंत राहिलेले बाहेर काढले."
मी पुढचं ऐकलं नाही. शेजारीपाजारी, डॉक्टरांकडे, मासेवाल्यांकडे, सगळीकडे तिचं नाव सांगितलं. चौदा महिने तिच्या हातचा चहा घेतला नाही.

५. गेल्या महिन्यात मी टाकी मोडायची म्हणाले. काच सरकवायला धाकटा आला. म्हणाला, "वाळू जपून काढायची काही गरज नाही गं ताई, तीत काही नाहीये."
"तुला काय माहीत?"
तो काच पुसत राहिला. मग म्हणाला, "तू आम्हाला घराबाहेर काढशील असं वाटलं मला. कागद बघायचा होता नुसता."
भावजयीला मी विचारलं, इतके दिवस बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही भावंडं. मी कोणाचं नाव घेतलं असतं तरी वाईट मीच ठरले असते."
वाळूत कागद नव्हता. कुठेच नव्हता. मी थाप मारली होती. धाकट्यानं ती खरी मानली, यात त्याचा दोष किती आणि माझा किती, हे मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते माझ्याकडे नोंदवता येत नाही."

६. मी जाहीर करते की मासे माझ्या भावजयीनं मारले नाहीत. तिनं सात वाचवले. मी तिच्यावर खोटा आळ घेतला. हे कलम मोठ्यानं, शेजाऱ्यांना बोलावून वाचावं. बाकीची मनात वाचली तरी चालतील.
मसुदा वाचून वकीलबाई म्हणाल्या, "याला तुमच्या मरणाची वाट कशाला? तुमच्या भावजय स्वयंपाकघरातच आहेत."

७. टाकी मोडलेली नाही. वाळू पुन्हा बसते आहे. काल आकडा तीस होता. भावजयीनं ठेवली तर ठेवावी. धाकट्यानं काच बाहेरून पुसावी, झाकण उघडू नये.

ठिकाण : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : ११ मार्च, सोमवार, सकाळी साडेदहा

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार :
१. मासेवाले, कोपऱ्यावरच्या दुकानाचे मालक (सही)
२. डॉक्टर, दाखला देणारे (सही)

ता. क. : सह्या झाल्यावर साक्षीदारांसमक्ष स्वयंपाकघरात जाऊन सहावं कलम भावजयीला वाचून दाखवलं. तिनं गॅस बंद करून ऐकलं. म्हणाली, "वन्सं, परत वाचा." परत वाचलं.