फोटोतला लाल काठ

न्ताते माखाओला, सासरेबुवा,

लग्नात तुम्ही माझ्या अंगावर घातलेलं लाल काठाचं ब्लँकेट चोरीला गेलेलं नाही. शेजारच्या सेखोन्यानाशी तुम्ही तीन महिने उगाच अबोला धरलाय.

मला कड्यावरून ओणवं होऊन धबधब्याचा फोटो काढायचा होता. म्हणून ब्लँकेटचं एक टोक कमरेला बांधलं आणि दुसरं तुमच्या गाढवाच्या खोगिराला. तुमची लेक ओरडली, "अरे, गाढवाच्या भरवशावर मरतोस का?"

"तुझ्या बापाचं गाढव आहे, जागचं हलायचं नाही!"

तेवढ्यात तुषारांत इंद्रधनुष्य उमटलं आणि आनंदाच्या भरात मी शीळ घातली. आपली गाढवं शीळ ऐकली की घरची वाट धरतात, हे मी गुराख्याच्या पोटी जन्मून विसरलो! काट्याकुट्यांतून फरफटत गेलो, ब्लँकेटच्या चिंध्या झाल्या, पण त्या हिसक्यात बटण दाबलं गेलं.

तोच फोटो तुम्ही भिंतीवर लावलाय. आल्यागेल्याला कौतुकाने दाखवता. त्याच्या कोपऱ्यात हवेत उडालेला लाल काठ चांगला वीतभर दिसतो. तुम्हाला तेवढा दिसलेला नाही.

हे पत्र तुमच्या हातात द्यायचा धीर होत नाही. पण उद्या तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आणि तुम्हाला न्यायचं मलाच आहे.

अजून तरी तुमचा लाडका जावई,
तेफो