आत्याच्या बॉबिन-केसवर निकेलचा थर

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून कागदावरच). तुझा गुडघा बरा आहे असं धरून चालतो. तू चालतेस की नाही ते कळव.

आधी माझ्यावरचा अन्याय ऐक. गेले आठ दिवस मला माझ्याच घरात चहा जिन्यात उभं राहून प्यावा लागतोय. ‘मुलामा चालू असलेल्या खोलीत खाणंपिणं बंद’ हा नियम मीच वहीत लिहिला, आणि तुझी भाचेसून माझे बाकीचे नियम सोडून नेमका तेवढाच पाळते.

तुझी बॉबिन-केस, म्हणजे शिलाई मशीनखालची ती दोऱ्याची डबी, गंजली म्हणून मी घेऊन आलो. तू म्हणालीस, “तेल लाव नि परत आण.” तेल काय, कुणीही लावतं. मी निकेलचा मुलामा द्यायचं ठरवलं. सुरक्षिततेत हयगय केली नाही: हातमोजे, चष्मा, सताड उघड्या खिडक्या, स्वयंपाकघराशी संबंध नसलेली काचेची बरणी, व्हिनेगर, निकेलची पट्टी, छोटी बॅटरी. पट्टीच्या जागी स्टीलचा चमचा कधीच लावायचा नाही, त्यातून क्रोमियमचं विष उतरतं, हे मी जेवताना इतक्यांदा सांगितलं की लेक आता चमच्याला हात लावत नाही. “एवढी काळजी माझ्या बाळंतपणात घेतली असती तर,” बायको म्हणाली. (तेव्हा हातात वही नव्हती.) उरलेलं हिरवं पाणीही मोरीत ओतलं नाही, ‘विष’ अशी चिठ्ठी लावून कुलपात ठेवलंय.

तासाभरात थर सुरेख बसला. तिथेच थांबायचं. पण आपल्या घराण्यात ‘हातासरशी आणखी थोडं’ केल्याशिवाय काही संपत नाही. दारांना रंगाचा चौथा हात देतो, म्हणून आपली दारं लागत नाहीत. मी तीन दिवस बॅटऱ्या बदलत राहिलो. डबीत आता तोंड दिसतं. फक्त ती मशीनमध्ये जात नाही. आमच्या मशीनमध्ये घालून पाहिली (दोन्ही मशीन सारख्याच, तूच एकदम घेतलेल्या), अडते; म्हणजे तुझ्यातही अडणार. नवी डबी आणायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, “काका, हे मॉडेल बंद होऊन वीस वर्षं झाली.” शनिवारी तुला सहा गणवेश द्यायचेत, आणि डबीशिवाय मशीन म्हणजे नुसतं टेबल, हे मला कळतं.

तुझा,
अतिकाळजीवाहू भाचा

ता. क. सोबतची डबी चमकत नाही, पण चालते. आमच्या मशीनमधून काढलीय. तुझ्या भाचेसुनेला ठाऊक नाही. ‘मीच मागितली’ असं फोन करून सांगशील का? पत्र खरं तर एवढ्यासाठीच.

आणखी ता. क. फोन नको. पाकिटावर पत्ता घालायला तिलाच दिलं (माझं अक्षर तू जाणतेस), तिने आतलंही वाचलं. “आत्याबाईंचे गणवेश आधी,” एवढंच म्हणाली, आणि उशांचे चार उसवलेले अभ्रे सुईदोऱ्यासकट माझ्यापुढे ठेवून गेली. दोन शिवून झाले. तिसरा घेतलाय.