उताराचा ओटा

बाबा,

परवा ब्रह्मपुरीची बस पकडायला स्टँडवर गेले होते. तिथं नवे लोखंडी बाक बसवलेत, चकचकीत, पुढे कललेले, मध्ये मध्ये दांडे घातलेले. एक म्हातारा गाठोडं उशाला घेऊन त्या दांड्यांमधून अंग सारायला बघत होता. घसरायचा, उठायचा, पुन्हा आडवा व्हायचा. माझ्या शेजारचे गृहस्थ खुशीत म्हणाले, "आता कसं साफ वाटून राह्यलं स्टँड!" बस सोडली आणि घरी परत आले. सत्तरी उलटली माझी, पण तो उतार मी डोळे मिटूनही ओळखीन. मी तो पाठीनं मोजलेला आहे.

चांद्याच्या बाजारात धान्याच्या दुकानांपुढचा तो लांब ओटा, वर टिनाचं छप्पर. जंगलातल्या गावांहून चारोळी, डिंक, मोहफुलं घेऊन पायी आलेली माणसं बाजाराच्या आधी तिथंच पाठ टेकायची आणि माल विकून निघून जायची. एक म्हातारी तेवढी मागं राहायची, कारण तिला जायला घरच नव्हतं. दातवणाच्या काड्या विकायची. मी शाळेतून येताना माझ्या हातावर चार टेंभरं ठेवायची आणि म्हणायची, "खाय वं पोरी." दुकानाच्या मालकाला ती डोळ्यांसमोर नको होती. पण म्हातारीला हाकला असं तोंडानं कसं म्हणणार, गळ्यात माळ होती ना! म्हणून त्यानं तुम्हाला बोलावलं आणि सांगितलं, पावसाचं पाणी साचते, ओट्याला उतार दे. छपराखाली पाणी साचेल कुठून? तुम्हाला हे कळत होतं. चांद्यात तुमच्याएवढा सरळ ओटा बांधणारा गवंडी नव्हता. त्यावर पाणसळ ठेवली की नळीतला बुडबुडा मधोमध थांबायचा आणि तुम्ही सगळ्यांना बोलावून दाखवायचात. तरी तुम्ही मान डोलावलीत.

दुपारी मी तुमचा भात घेऊन येते. फरश्या मुरमावर नुसत्या मांडलेल्या आहेत, सांधे भरायचे बाकी आहेत, मालक कमरेवर हात ठेवून उभा आहे. तुम्ही म्हणता, "लेट बरं इथी." मी फ्रॉक सावरून आडवी होते आणि जराशी घसरते. मग तुम्ही फरश्या उचलता, आतल्या बाजूला आणखी मुरूम भरता, पुन्हा मला निजवता, आणि मी गडगडत थेट खालच्या वाळूच्या ढिगात जाते. केवढी हसले मी! मालकही हसला, म्हणाला, "हां, आता जमलं." पोटच्या पोरीच्या पाठीवर तुम्ही त्या म्हातारीची झोप मोडायचं माप घेतलंत. तुमचा राग येत नाही, बाबा. किळस येते. पुढं तुम्ही तसलेच आणखी दोन ओटे बांधलेत, त्याचीही येते.

सांधे वाळल्यावर एका सकाळी म्हातारी खांबापाशी दिसली. झोपेत घरंगळू नये म्हणून तिनं लुगड्याचा पदर कमरेला आवळून खांबाला बांधला होता. वजनानं गाठ इतकी घट्ट बसली होती की तिला ती सुटेना. माणसं थांबून बघत होती. मालक दारातून ओरडला, "इथी गाय कोणं बांधली रे?" सगळे खो खो हसले. तुम्ही थापी हातात घेऊन तिथंच उभे होतात, पाय हलला नाही तुमचा. शेवटी ती गाठ मी दातांनी सोडली. "हाडं दुखतेत वं पोरी," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर ती बाजारात दिसली नाही. कुठं गेली, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिनं चुलीवरचा भात उतरवला, तुमच्यापुढं ताट सरकवलं आणि म्हणाली, "उतार कमी ठेवता नाई आला काऊन तुमाले? मालकाले काय समजलं असतं? निजली असती न ते म्हातारी." तुम्ही एकदाच माझ्याकडं पाहिलंत. मग ताटाकडं बघत म्हणालात, "चुकलं माहं." आई पुढं कित्येक वर्षं त्यावरून बोलत राहिली. मीही बोलले, तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हादेखील बोलले. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, तेव्हा उरलेलंही लिहून टाकते. पहिला उतार तुम्ही कमीच ठेवला होता. आईनं सांगितलं ते तुम्ही तिच्या आधीच करून बसला होतात. मी जराशी घसरले तेव्हा मालकाला ऐकू जाईल असं तुम्ही मोठ्यानं विचारलंत, "झोपता नाई येत न इथी?" आणि माझ्याकडं रोखून बघितलंत. मी ओरडून म्हटलं, "येते की बाबा, मस्त येते!" आईला तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत. मीही नाही. ती नजर मला कळली होती, बाबा. पण मला अजून एकदा घसरायचं होतं.