दादाचा टॉवेल

मुरगूड, मंगळवार, फेब्रुवारी १९९८

आमच्या माळावर जनावरांचा बाजार भरतो. तो माळ बिल्डरला द्यायचा न्हाय, असं काल देवळात सगळ्यांत मोठ्यानं कोण बोललं? माझा थोरला भाऊ. आणि आज तोच बिल्डर आमच्या सोप्यात बसून चहा पितोय. शेकडो फ्लॅट उठवणार म्हणे. मग बैलं काय गच्चीवर बांधायची?

बिल्डर म्हणाला, "तुमच्याच पद्धतीनं बोलू की." दादानं खांद्यावरचा टॉवेल काढला. बाजारात करतात तसे दोघांनी हात त्याखाली घातले. बोटांनी काय भाव सांगितला, कुणाला दिसणार?

तो गेल्यावर विचारलं, "दादा, काय ठरलं?"

"काय न्हाय. घालवला त्याला."

खोटं. सौदा मोडला की दादा टॉवेल झटकून खांद्यावर टाकतो, जमला की घडी घालतो. लहानपणापासून बघतोय मी.

टॉवेल माझ्या पुढ्यातच पडलाय. नीट घडी घातलेला.